'पुढचा शनिवार' म्हणजे नक्की कुठला??

कोथिंबीरजुडी:
मला खरंच विचारायचंय, हसू नका. गुरुवारी स्वयंपाकाच्या मावशींना व्हॉट्सअॅपवर टाकलं की मावशी पुढच्या शनिवारी पाहुणे आहेत, जरा लवकर या. मला म्हणायचं होतं त्याच्या पुढच्या आठवड्यातला. बाई दोन दिवसांनी सकाळी सहाला दारात! आम्ही झोपेत, आणि तिने त्यासाठी दुसऱ्या घरचं काम सोडलेलं. वर मलाच म्हणते, "ताई, पुढचाच लिहिलंय की तुम्ही, समोर आलेला तो पुढचा." नवऱ्याच्या मते जवळचा तो 'येता' आणि नंतरचा तो 'पुढचा'. तुमच्याकडे काय म्हणतात?

चहाबाज:
मावशी बरोबर आहेत, 'पुढे' म्हणजे समोरच. पण गंमत अशी की नवराही चूक नाही. आमच्याकडे असाच राडा 'परवा'वरून झाला. बोलताना क्रियापद असतं म्हणून निभावतं, परवा आला, परवा येईन, पण चॅटवर आपण क्रियापदच खातो ना. दुकानदाराने विचारलं पेमेंट? मी टाइप केलं 'परवा'. म्हणजे करून झालंय. तो बिचारा दोन दिवस वाट बघत बसला आणि मग चिडून फोन, की अजून आले नाहीत. पैसे त्याच्याच खात्यात पडून होते!

ठाणेकर:
तारीख टाकायची, विषय संपला.

सातारीकंदी:
@ठाणेकर तारखेनेही घोळ होतो हो. आमचं तिकीट १५ तारखेचं, गाडी रात्री १२:१० ची. आम्ही १५ ला रात्री जेवूनखाऊन, दही-भाताचा डबा घेऊन स्टेशनवर, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली. रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते, आपली सकाळी दात घासल्यावर. तेव्हापासून घरात सांगताना '१४ ला जेवून निघायचं' असंच सांगते, तारीख तिकिटावर काहीही असो.

वऱ्हाडीठेचा:
थोडं अवांतर. 'आपण' आणि 'आम्ही' पण जपून वापरा रे बाप्पा. इंग्रजीत, हिंदीत या दोन्हीला एकच शब्द चालून जातो, आपल्याकडे नाही. मी शेजारच्या काकांना सहज बोललो, "रविवारी आपण चिखलदऱ्याले चाललो." आम्ही म्हणायला पाहिजे होतं. शनिवारी रात्री काकू विचारायला आल्या, स्वेटर घ्यायचे का, आणि गाडीत जागा तर चारच. शेवटी मी आणि मोठा पोरगा बाइकवर गेलो, काय करता!

चहाबाज:
@वऱ्हाडीठेचा 😂 काकांनी पेट्रोलचे तरी दिले का?

वऱ्हाडीठेचा:
चिवडा दिला.

कोथिंबीरजुडी:
सगळ्यांना थँक्यू. @ठाणेकर तुमचं पटतं पण मावशी मेसेज मुलाकडून वाचून घेतात, आकडा मधेच गळतो. काल समोरच बसून सांगितलं, हा गेला तो शनिवार नाही, आता येईल तो, आणि म्हटलं तुम्हीच परत सांगा बघू कधी ते. त्यांनी काही सांगितलं नाही, सरळ उठल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेनाने गोल केला आणि मला म्हणाल्या, "हाच ना? मग सही करा इथं."