मदत हवी आहे: रुवरच्या उतारावरच्या खालच्या चार ओळी पुन्हा लावू की सोडून देऊ?

नमस्कार मंडळी,

मी मूळची निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. सहा वर्षांपासून जर्मनीत ट्रियरला नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका आजोबांकडून रुवर नदीच्या खोऱ्यात रिझलिंग या वाइनच्या द्राक्षाच्या १८० वेलींचा छोटा तुकडा खंडाने घेतला. आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना आता चढ चढवत नाही. आजूबाजूचे कितीतरी उतार असेच पडीक पडून काट्यांनी भरलेत, तसं याचं होऊ नये एवढीच त्यांची इच्छा. माझीही. रोपवाटिकेला नव्या रोपांची मागणी डिसेंबरच्या आत कळवायची आहे, म्हणून घाईने विचारतेय. लेखन लांबेल, पण जमीन आणि हवा नीट सांगितल्याशिवाय प्रश्नच समजणार नाही.

रुवर ही मोझेल नदीची छोटीशी उपनदी. हुन्सरुकच्या डोंगराळ पठारावरून येते आणि ट्रियरच्या खालच्या अंगाला मोझेलला मिळते. नदी म्हणायची, पण आपल्याकडच्या ओढ्याएवढीच. दोन्ही बाजूंना तीव्र उतार, माथ्यावर जंगल. वेली फक्त ऊन पडतं त्या अंगाला, समोरच्या सावलीतल्या बाजूला झाडीच. मोझेल, तिची दुसरी उपनदी झार आणि रुवर मिळून एकच वाइनप्रदेश धरतात. २००७ पासून त्या सगळ्याचं अधिकृत नाव नुसतं मोझेल असं झालंय. पण झार आणि रुवरची खोरी मुख्य दरीपेक्षा थंड, इथे द्राक्ष उशिरा पिकतं आणि आंबटपणा जास्त राहतो.

माझा तुकडा बरोबर दक्षिणेला तोंड करून आहे. उतार ६० टक्के, म्हणजे साधारण ३१ अंशांचा. अण्णांना (माझे वडील) व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "इथं ट्रॅक्टर कसा घालतेस?" घालत नाही. सगळं पाठीवर. प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब आणि दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधलेल्या. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारही नाही.

एवढ्या कड्यावर माणसं का गेली, हे मला सुरुवातीला कळलंच नव्हतं. एका रात्री बसून हिशेब केला. ट्रियरचा अक्षांश जवळजवळ ५०. २२-२३ सप्टेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवरच असतो, नाशिकला तो ७० अंशांवर असतो. म्हणजे सपाट रानावर ऊन तिरपं पडून पातळ होतं. पण जमीनच सूर्याकडे ३१ अंश कलली असेल तर किरण तिच्यावर ७१ अंशांनी पडतात! त्या दिवशी दुपारी या उताराला ऊन जवळपास निफाडच्या सपाट वावरासारखंच लागतं. हवेच्या जास्त थरांतून आल्यामुळे जोर थोडा कमी असेल, पण कोन तोच. हा हिशेब अण्णांना सांगितला तेव्हा त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

शिवाय उन्हाळ्यात दिवस १६ तासांहून मोठा. फुलोरा जूनच्या मध्याला, काढणी ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एक खरड आणि एक गोडी, वेल कधी पूर्ण झोपतच नाही. इथे ती नोव्हेंबर ते एप्रिल काठीसारखी उभी असते.

आता माती. खरं तर माती म्हणावं असं फार काही नाहीच, पाटीचा दगड आहे. तोच, ज्याच्या पाट्यांवर आपल्या आजी-आजोबांनी मुळाक्षरं गिरवली. इथे त्याला शीफर म्हणतात. डेव्होनियन काळातला, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाला साचलेला गाळ दाबला जाऊन झालेला. आपला दख्खनचा काळा पाषाण त्यापुढे लहान, साडेसहा कोटी वर्षांचा. शीफरचे पातळ पापुद्रे सुटतात, पावसाबरोबर घसरत खाली येतात. सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सातला, ऊन डोंगराआड गेल्यावर, मी त्यावर तळहात ठेवून पाहिला: भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखा कोमट. पाणी मुळीच धरत नाही, म्हणून मुळं फटीफटीतून खोल जातात. आजोबांच्या जुन्या वेली कलमी नाहीत, स्वतःच्या मुळांवर आहेत. असल्या दगडाळ जमिनीत मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीला पसरायला जड जातं, म्हणून मोझेलवर अशा वेली अजून सापडतात.

माझी अडचण अशी. यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, एप्रिलचा पहिला पंधरवडा कडक उन्हाचा गेला. रिझलिंग तशी उशिरा फुटणारी जात, म्हणून तर ती या थंडीत टिकली. पण यंदा तिचेही डोळे लवकर फुटले. २० तारखेनंतर आकाश निरभ्र झालं आणि दहिवराच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या, रात्री आल्या. सकाळी सातला गेले तर कोवळ्या फुटी काचेसारख्या चमकत होत्या, वाटलं वाचल्या. दुपारपर्यंत उकडलेल्या मेथीसारख्या लोंबायला लागल्या. पण सगळ्या नाही. खालच्या चार ओळी (वेलींच्या ५० जागा) पूर्ण गेल्या. वरच्या जवळजवळ शाबूत. मध्ये दोरी लावून रेघ मारल्यासारखी सीमा. नंतर मुख्य डोळ्याशेजारच्या जोडडोळ्यांतून फुटवे आले, पण घड नाममात्र. आजोबा सांगतात, २०१७ च्या एप्रिलमध्येही नेमक्या याच ओळी गेल्या होत्या. या ५० पैकी १७ जागा आधीच रिकाम्या आहेत.

माझ्या कार्यालयातले एक सहकारी मोझेलच्या मुख्य दरीत द्राक्षं करतात, त्यांचं नुकसान खूपच कमी झालं. तिथे नदी रुंद आहे. १९५८ ते १९६४ मध्ये बंधारे बांधल्यापासून ती तळ्यांच्या माळेसारखी संथ झालीय आणि एवढं पाणी काठाला थोडी ऊब देतं. माझ्या ओढ्याला ते बळ नाही.

तर प्रश्न पहिला: त्या चार ओळी नव्याने लावू की कायमच्या सोडून देऊ?

दुसरा: वरच्या तीन ओळींची पानं ऑगस्टमध्ये पिवळी पडली. अण्णा म्हणतात, "चुनखडीनं लोह उचलत नाही, फेरस सल्फेट दे." आमच्या वावरात हे शंभर टक्के खरं आहे. पण शीफरमध्ये चुना जवळजवळ नसतोच. मोझेलच्या वरच्या अंगाला, लक्झेंबर्गच्या सीमेवर, शिंपल्यांचा चुनखडक आहे आणि तिथे एल्बलिंग नावाची वेगळी जात लावतात, पण ते इथून दूर. मग पिवळेपणा कशाचा? धूप थांबावी म्हणून मी यंदा ओळींमध्ये गवत वाढू दिलं होतं, तेही सांगून ठेवते.

कुणी थंड हवेतली बाग केली असेल, किंवा मृदाशास्त्र शिकलं असेल, तर कृपया लिहा. अण्णांना हा धागा वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद: काळी_माती

ताई, आधी पिवळी पानं. कोणती पिवळी पडली, शेंड्याची की बुडाची? लोहाची कमतरता शेंड्याच्या नव्या पानांवर आधी दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. बुडाची जुनी पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम बघा. शीफरमध्ये पालाश (पोटॅश) बऱ्यापैकी असतं आणि ते मॅग्नेशियमला आडवं येतं. सगळं पानच फिकट हिरवं झालं असेल तर नत्र. वर माती सर्वांत उथळ, तिथे गवताने पाणी आणि नत्र दोन्ही ओढलं असणार. माती आणि देठ तपासल्याशिवाय काही टाकू नका.

गवताचा दुसरा तोटा दहिवराच्या रात्री. उघडी, दाबलेली, ओलसर जमीन दिवसाची ऊब साठवते आणि रात्री सोडते. गवताखालची जमीन तापतच नाही. एप्रिलमध्ये गवत अगदी बुडापर्यंत कापून ठेवत जा.

प्रतिसाद: पिंपळगावकर

आमच्याकडे पारा उतरला की आम्ही पहाटे विहिरीचं पाणी सोडतो आणि बांधावर शेकोट्या पेटवतो. तुमच्याकडे पाणी नाही, उतारही असा. मला एकच विचारायचंय. सगळ्यांत खालच्या, चौथ्या ओळीच्या खाली काय आहे? बांध, भिंत, झाडी? थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहते. पाण्याला बांध घातला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वाऱ्याचं पान हलत नाही अशा निरभ्र रात्री जा आणि उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. रोपांवर पैसे घालायच्या आधी एवढं करा.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पानं बुडाची पिवळी होती, फोटो मोठा करून पुन्हा पाहिले. शेंडे हिरवेगार. अण्णांनीही मान्य केलं, म्हणाले, "मग लोह नाही. तपासून घे." मातीचे नमुने वरून, मधून आणि खालून असे तीन वेगळे काढलेत.

पिंपळगावकर दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात धस्स झालं. चौथ्या ओळीखाली दुसऱ्याचा पडीक तुकडा आहे आणि त्यात पुरुषभर उंच ब्लॅकबेरीची जाळी माजलीय. मी ती रोज बघत होते, पण कुंपण म्हणूनच.

काल रात्र निरभ्र होती. वर, मध्ये आणि खाली एकेक तापमापक गुडघ्याच्या उंचीवर टांगला. रात्री अकराला वर ४ अंश, मध्ये ३ आणि खाली शून्याच्याही खाली अर्धा. घरच्या देवासमोरच्या चार उदबत्त्या पेटवून मधल्या ओळीत उभी राहिले. धूर थोडा वर गेला, वाकला आणि शीफरला धरून, अगदी घोट्याच्या उंचीने, खाली सरकायला लागला. टॉर्चच्या उजेडात मागोमाग गेले. चौथ्या ओळीपाशी मंदावला, जाळीला टेकला आणि तिथेच साठत राहिला. पाचेक मिनिटांनी माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता.

सकाळी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या तरुणपणी खालच्या तुकड्यातही वेली होत्या आणि तेव्हा या ओळी अशा जळत नसत. मालक वारला, मुलं दूरच्या शहरात आहेत. थोरल्या मुलीचा फोन नंबर आजोबांकडे आहे. शनिवारी त्यांच्या घरी बसून आम्ही दोघं तिला फोन करणार आहोत: जाळी आम्ही आमच्या खर्चाने तोडू, फक्त परवानगी दे.

तोपर्यंत रोपांची मागणी थांबवली आहे. निदान दोन वर्षं, दर एप्रिलपासून १५ मेपर्यंत, खालचा तापमापक वाचून मगच ठरवेन. इथे ११ ते १५ मे या दिवसांना बर्फाचे संत म्हणतात, शेवटची 'थंड सोफी' जाईपर्यंत आजोबा कशालाच वाचलं म्हणत नाहीत.

आता एवढंच विचारायचंय: जाळी मुळासकट काढली तर तो खालचा उतार पहिल्याच पावसात घसरेल, असं मला वाटतं. मुळं ठेवून फक्त वरची वाढ कापावी, की मधून दोन-तीन मीटर रुंदीच्या वाटा मोकळ्या केल्या तरी हवा निघून जाईल? कुणी असं केलं असेल तर किती रुंद ठेवलं, ते लिहा.