मदत हवी आहे: स्पर्धेआधी डिझाइनची नोंदणी करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण पुण्यात खणाच्या कापडाची जॅकेटं शिवून विकते. फॅशन क्षेत्रातल्या तरुण उद्योजकांच्या एका पुरस्कारासाठी ती अर्ज भरतेय. निवड झाली तर तिचे नवे, अजून कुणालाच न दाखवलेले नमुने जाहीर प्रदर्शनात लागतील. काळजी तिथेच आहे. डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे आधीच प्रसिद्ध झालेल्या डिझाइनची नोंदणी होत नाही. वेळेत केली तर 10 वर्षं संरक्षण मिळतं, वर आणखी 5 वाढवता येतात. पोरीने फार जीव ओतलाय हो, कुणी उचललं तर मोडून पडेल.

पुण्यात हे काम नीट करणारं कुणी माहितीये का? साधारण खर्च किती येतो? आणि परीक्षकांना फोटो पाठवण्याआधी आयोजकांकडून गोपनीयतेचं लेखी मागितलं तर चालतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.