उन्हाळ्यात सशाच्या वाढत्या पिल्लांना ओव्याचं तेल द्यावं का? किती?

भुसावळकर
३२ पिल्लं आहेत, न्यूझीलंड व्हाइट जातीची. दूध तोडून १० दिवस झाले. शेड पत्र्याचं, दुपारी आत ४१ अंश. पिल्लं पोटावर लांब पसरून पडतात, नाकपुड्या भराभर हलतात, कान हाताला चटका लागेल असे तापतात. खाणं निम्म्यावर आलंय. दुकानदार खाद्यात घालायला एक हर्बल तेल देतोय, पण बाटलीवर घटकच लिहिलेले नाहीत. घेऊ का?

एरंडोल_ससेपालन
घटक नाहीत तर ती बाटली घेऊच नका भाऊ. इजिप्तमध्ये वाढीच्या सशांवर थाइम या परदेशी सुगंधी वनस्पतीच्या तेलाचे प्रयोग झालेत. त्यातलं थायमॉल हे जंतुनाशक द्रव्य आपल्या ओव्यातही भरपूर असतं. पोटातले वाईट जंतू दबतात, खाल्लेलं अंगी लागतं. पण हे तेल म्हणजे अर्क, घाण्याचं तेल नव्हे. किलोभर खाद्याला अर्धा मिली पुरे. इन्सुलिनच्या सिरिंजने मोजा, १० मिली तिळाच्या तेलात मिसळा, मूठभर गव्हाच्या कोंड्याला चोळा आणि मग खाद्यात कालवा. रोजचं रोजच करा, उन्हात त्याचा वास उडून जातो.

पाण्यात मात्र टाकू नका. मी टाकलं होतं. तेल वर तरंगलं, पिल्लांनी नळीला तोंडच लावलं नाही आणि संध्याकाळपर्यंत दोन गेली. अजून डोळ्यासमोर आहेत.

शहाद्याची ताई
दादा, तेलाने अंगातली उष्णता उतरत नाही. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांवाटे गरमी सोडतो. ३० च्या वर त्याला त्रास सुरू होतो, ३५ च्या वर जीवावर बेततं. आधी पत्र्यावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) नाहीतर केळीची पानं घाला, वाऱ्याच्या बाजूला ओलं बारदान लटकवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बारदानाने चांगला फरक पडतो. पिंजऱ्यात बर्फ केलेली बाटली ठेवा, पिल्लं तिला टेकून बसतात. खाद्य संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे द्या. दुपारी फक्त पाणी आणि वाळलेला चारा.

भुसावळकर
ताई, बारदान आजच लावतो. लसूण घास देतोय, मग लसणाचं तेलही द्यावं का?

शहाद्याची ताई
लसूण घासाचा आणि लसणाचा काही संबंध नाही, तो चारा आहे. कोवळा दिलात तर जुलाब लागतील, दिवसभर सुकवूनच द्या. एका वेळी एकच तेल.

एरंडोल_ससेपालन
जुलाब दिसले तर तेलाच्या भरवशावर राहू नका, लेंड्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला परजीवी, असू शकतो. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे कधीच देऊ नका, सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि पिल्लू दगावतं.

१६ पिल्लांना तेलाचं खाद्य द्या, १६ ना साधं. दर रविवारी पहाटे वजन करा. तीन आठवड्यांनी आकडे इथे टाका, मलाही बघायचेत.