मदत हवी आहे: जांघेचा हर्निया, दोन खाजगी रुग्णालयं, दोन वेगळी एस्टिमेट

वडिलांचं वय ६६. उजव्या जांघेत हर्निया. उभं राहिलं किंवा खोकलं की लिंबाएवढा फुगवटा येतो, आडवं झालं की आपोआप आत जातो. दुखत फारसं नाही, संध्याकाळी ओढल्यासारखं होतं. सोनोग्राफीत डावी बाजू ठीक आहे. पोटाची आधी कुठलीही शस्त्रक्रिया नाही.

चालू औषधं: रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल (३ वर्षांपूर्वी स्टेंट), मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन.

एका खाजगी रुग्णालयाने ओपन (चिरा देऊन) शस्त्रक्रिया, भोकावर आधाराला जाळी, कमरेतून भूल असं सांगितलं. दुसऱ्याने दुर्बिणीतून टीईपी (पोटाच्या पोकळीत न शिरता, स्नायूंमागे जाळी बसवायची पद्धत), पूर्ण भूल. दुसऱ्याचा आकडा जवळजवळ दुप्पट आहे आणि दोन्ही कागदांवर 'हर्निया पॅकेज' यापलीकडे काही लिहिलेलं नाही. कुठली पद्धत घ्यावी? एवढा फरक कशामुळे? गोळ्यांचं काय करायचं? घरी आल्यावर काय बघायचं?

प्रतिसाद १

आधी आकड्यांचं बघू. तुम्ही दोन वेगळ्या शस्त्रक्रियांची तुलना करताय, म्हणून फरक दिसणारच. दोघांकडूनही एकेक ओळ सुटी लिहून घ्या: सर्जन, सहायक, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोली किती दिवस, जाळी, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), औषधं, तपासण्या. 'पॅकेज'मधून सगळ्यात जास्त वेळा बाहेर राहते ती जाळीच. त्याखालोखाल भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या. एक दिवस जास्त राहावं लागलं, कॅथेटर (लघवीची नळी) घालावा लागला किंवा दुर्बिणीतून सुरू करून ओपन करावं लागलं तर बिल कसं बदलेल, हेही लेखी मागा.

टीईपीच्या एस्टिमेटमध्ये तीन वस्तूंवर बोट ठेवून विचारा.

पहिली, बलून. पोटाच्या स्नायूंमागे जागा करायला एकदाच वापरायचा फुगा असतो. तो सोयीचा आहे, पण बरेच सर्जन कॅमेऱ्याच्या टोकानेच ती जागा करतात.

दुसरी, टॅकर. म्हणजे जाळी ठोकायची पिन-बंदूक. टीईपीत जाळी पोटाच्या दाबानेच जागेवर बसते. मधल्या बाजूचं भोक मोठं असेल तरच ती अडकवावी लागते. टॅकर चुकीच्या जागी, म्हणजे खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात मारला तर मांडीची नस पकडली जाते आणि जन्माचं दुखणं मागे लागतं. 'नेहमीच वापरतो' असं उत्तर आलं तर 'का?' असं विचारायला हरकत नाही.

तिसरी, जाळीचा प्रकार. आतड्याला चिकटू नये म्हणून लेप दिलेली कॉम्पोझिट जाळी खूप महाग असते. ती पोटाच्या पोकळीत, आतड्यासमोर जाळी ठेवायची असेल तेव्हा लागते. टीईपीत जाळी पोटाच्या पडद्याबाहेर राहते, तिथे साधी पॉलिप्रॉपिलीन चालते. जांघेच्या हर्नियाच्या एस्टिमेटमध्ये कॉम्पोझिट दिसली तर कारण विचाराच.

विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जावर तीच शस्त्रक्रिया आणि तीच बाजू लिहिलेली हवी. बऱ्याच पॉलिसींत हर्नियाला सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो, तो संपलाय का ते आधी पाहा. खोलीभाड्याला मर्यादा असेल तर वरची खोली घेतल्यावर काही पॉलिसी फक्त भाडं नाही, बिलातले इतर काही खर्चही त्या प्रमाणात कापतात. हे डिस्चार्जच्या काउंटरवर कळलं तर उपयोग नाही.

प्रतिसाद २

पद्धतीबद्दल. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर दोन्ही पद्धती योग्य आहेत. दुर्बिणीचा फायदा म्हणजे पहिले काही दिवस दुखणं कमी आणि कामावर लवकर परतता येतं. दोन्ही बाजूंचा असेल, किंवा आधी ओपन करून पुन्हा उलटला असेल, तर दुर्बीण नक्कीच सरस. याउलट प्रोस्टेट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आतली जागा चिकटलेली असते, तिथे ओपन बरी. तुमच्या वडिलांचं प्रोस्टेट नुसतं वाढलेलं आहे, त्याने टीईपी अडत नाही.

खरा प्रश्न सर्जनच्या हाताचा. टीईपीत हात बसायला ५० ते १०० शस्त्रक्रिया लागतात असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (२०१८) दिलेलं आहे. म्हणून 'तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, आणि त्यातल्या किती याच पद्धतीने?' हा प्रश्न सरळ विचारा. ओपनमध्ये मुरलेल्या सर्जनकडून हट्टाने टीईपी करून घेण्यात काही शहाणपणा नाही.

जाळी किती मोठी बसवणार तेही विचारा. दुर्बिणीतून किमान १० × १५ सेंटीमीटर. ओपनमध्ये जघनास्थीच्या (जांघांच्या मधल्या, पुढच्या हाडाच्या) उंचवट्याच्या पुढे दीड-दोन सेंटीमीटर जाळी जायलाच हवी. ओपन झालेला हर्निया पुन्हा येतो तो बहुतेक तिथूनच. टीईपीत उलटण्याची नेहमीची कारणं दोन: जाळी छोटी पडणे, किंवा शस्त्रक्रियेसाठी आत भरलेला गॅस सोडताना तिची खालची कड वर गुंडाळली जाणे.

ज्याचं नाव कमी निघतं ते सांगतो: मागे राहणारं दुखणं. तीन महिन्यांनंतरही त्रास देणारं दुखणं १० ते १२ टक्के लोकांत राहतं, पुढे ते बहुतेकांत कमी होत जातं. ओपनमध्ये जांघेतल्या तीन नसा ओळखून जपाव्या लागतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनने हे स्वतःहून सांगितलं पाहिजे.

प्रतिसाद ३

गोळ्यांचं मी लिहितो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका, तारीख भूलतज्ज्ञाकडून लेखी घ्या.

क्लोपिडोग्रेल: कमरेतून भूल द्यायची तर साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद लागते, नाहीतर मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पण स्टेंट असल्याने हृदयरोगतज्ज्ञाचं पत्र हवंच. मधल्या दिवसांत ॲस्पिरिन द्यायची का ते तेच ठरवतील. बंद करणं शक्यच नसेल तर ओपन शस्त्रक्रिया फक्त जागेवर भूल देऊनही होते, हा तिसरा पर्याय दोन्ही रुग्णालयांनी सांगितलेला दिसत नाही.

डापाग्लिफ्लोझिन: ३ दिवस आधी बंद. हीच गोळी हमखास विसरली जाते. उपाशी पोटी ती चालू राहिली तर रक्तात आम्ल साचतं, आणि गंमत म्हणजे मशीनवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून उशिरा कळतं. मेटफॉर्मिन त्या सकाळी घ्यायची नाही. टॅमसुलोसिन मात्र चालू ठेवतात. तिने लघवी अडण्याची शक्यता कमी होते.

उपवास: जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा जेवणातच धरा. 'रात्री बारापासून थेंबही नाही' असं सांगितलं आणि नंबर दुपारी असेल तर पुन्हा विचारा, मधुमेह्याला ते झेपत नाही.

घरी रेझरने केस काढू नका. बारीक कापे पडतात आणि जंतू तिथूनच शिरतात. लागलेच तर रुग्णालयात क्लिपरने काढतील. खोकला असेल, शौचाला जोर द्यावा लागत असेल तर ते आधी आटोक्यात आणा. तंबाखू-सिगारेट निदान ४ आठवडे आधी बंद.

धागाकर्ता

खूप आभार. जागेवर भूल देऊन होतं हे माहीतच नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनी मिळते आहे. तोवर थांबलं तर चालेल का? तोपर्यंत पट्टा लावू का?

प्रतिसाद २

फुगवटा सहज आत जातोय, त्रास कमी आहे, तर तीन आठवडे चालतील. बाईच्या जांघेतला हर्निया असता तर असं म्हटलं नसतं, कारण बायकांमध्ये फीमोरल (मांडीच्या वरच्या टोकाशी, अरुंद वाटेने येणारा) हर्निया जास्त आणि तो लवकर अडकतो. पट्ट्याने भोक बुजत नाही. फुगवटा बाहेर असताना वर पट्टा आवळला तर उलट इजा होते.

मात्र हे झालं तर तारखेची वाट बघायची नाही: फुगवटा टणक झाला, आडवं होऊनही आत जात नाही, दुखणं वाढत चाललंय, उलट्या, गॅस-शौच बंद, वरची कातडी लाल. त्याच तासाला रुग्णालय गाठा. घरी दाबून आत ढकलू नका, पाणीही देऊ नका. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत जातो, मग जाळी बाजूला राहते आणि आतडं कापावं लागतं.

प्रतिसाद ४

नंतरचं. पुरुष, साठीपुढे, प्रोस्टेट: यांना पहिला त्रास लघवीचा. ओटीत जाण्याआधी लघवी करून घ्या. नंतर ६ ते ८ तासांत झाली नाही किंवा ओटीपोट ताणलं तर नर्सला लगेच सांगा. एखादी रात्र कॅथेटर लागतो, त्यात बिघडलं काही नसतं. लघवी झाल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.

वृषणाची पिशवी निळी-काळी पडते, रक्त खाली उतरतं म्हणून. घाबरू नका, आधार देणारी लंगोट घाला. टीईपीनंतर खांदा दुखला तर तो गॅसचा परिणाम, एक-दोन दिवसांत जातो. आठवड्याभरात जुन्या जागी पुन्हा गोळा दिसला की लोक 'हर्निया परत आला' म्हणून धावत येतात. खोकल्यावर तो मोठा होत नसेल तर बहुधा आत साचलेलं पाणी, सेरोमा. ६ ते ८ आठवड्यांत जिरतं. सर्जनला दाखवा, पण सुई घालून काढायचा आग्रह धरू नका, जाळीला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताच्या रेट्याने उठा. खोकताना उशी घट्ट दाबून धरा. त्याच संध्याकाळी चालायला लागा. वजन उचलण्याबद्दल सर्जन ४ ते ६ आठवडे सांगतात. अभ्यास म्हणतात सोसेल तेवढं लवकर सुरू करायला हरकत नाही. तुमचे सर्जन सांगतील ते पाळा. अचानक ब्रेक दाबला तर दुखत नाही, एवढं जमलं की गाडी.

ताप, जखमेतून पू, वाढती सूज किंवा वृषणात जोराचं दुखणं असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

प्रतिसाद १

एक राहिलं. जाळीच्या डब्यात सोलून काढायचे स्टिकर असतात: कंपनी, माप, लॉट नंबर, मुदत. त्यातला एक ऑपरेशन नोटवर आणि एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. बिलात दाखवलेली जाळी तीच आहे का ते तिथेच कळतं, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला आत काय बसवलंय ते शोधत बसावं लागत नाही. ऑपरेशन नोटची प्रत मात्र मागावी लागते, आपणहून क्वचितच देतात.

धागाकर्ता

नोंद केली. पहिल्या रुग्णालयाला आत्ताच सुट्या ओळींसाठी फोन केला. जाळी पॅकेजबाहेर आहे.