सकाळच्या पक्षीनिरीक्षणाला कुत्रा: न्यावा की घरीच ठेवावा?

बांधावरचा: कुत्रा सोबत असला की पक्षी दिसतच नाहीत, हे सरसकट म्हणणं पटत नाही. गोव्यातल्या खाजनाच्या (खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर गुरं, गावठी कुत्री, दुचाक्या यांची ये-जा दिवसभर चालूच असते. तिथले गायबगळे, वंचक, खंड्या कुत्रा दिसला म्हणून उडत नाहीत. तो एकदम धावला की उडतात. म्हणजे सगळा खेळ पट्ट्याचा. दोन मीटरचा साधा पट्टा घ्या आणि गळ्यात न अडकवता छातीच्या हार्नेसला लावा. डबीतून सुटत जाणारा पट्टा नकोच, बटण दाबेपर्यंत कुत्रा चार मीटर पुढे गेलेला असतो. दुसरं टोक कमरेला बांधा. थांबलात की कुत्र्याला बसवा, त्याला उठून उभं राहता येईल एवढी ढील सोडून पट्ट्यावर पाय ठेवा, मग दुर्बीण डोळ्याला लावा. दुर्बीण ८×४२ (आठ पट, ४२ मिमी भिंग) बरी. १० पटीत जरा हिसका बसला की पक्षी चौकटीतून गायब.

माळटिटवी: पट्ट्यामुळे कुत्रा धावायचा थांबेल, पक्ष्याला दिसायचा थोडाच थांबेल? सिडनीजवळच्या रानवाटांवर बांधलेली कुत्री फिरवून केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेलगतच्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटली. कुत्री नेहमी फिरवतात त्या जागीही तेच, म्हणजे 'सवय होते' हा मुद्दा निकालात निघाला.

आणि आपल्याकडे खरा घोळ सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर आहे. मार्च ते जून माळटिटवी, चंडोल, रातवा जांभ्याच्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांनी वेढलेला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातीच्याच रंगाची. तुम्हाला ती दोन पावलांवरून दिसणार नाहीत. कुत्र्याला वास येतो. तो जवळ गेला की पक्षी उठून कलकलाट करतो, आणि डोमकावळ्याला घरट्याचा पत्ता आपोआप कळतो. एरवी टिटवी उन्हात अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणून ती गार ठेवते. ती तुमच्या कुत्र्याभोवती ओरडत राहिली तर अंडी तापतात. टिटवी ओरडायला लागली की 'कुठंय घरटं' म्हणून शोधू नका, आल्या वाटेने मागे फिरा.

बांधावरचा: त्याच प्रयोगात माणसं एकटी चालली तरी पक्षी घटले, ती घट कुत्र्यासोबतच्या निम्म्याहून कमी, एवढंच. मग आपणही घरी बसायचं का? सड्याचं मान्य, पाऊस स्थिरावेपर्यंत तिथे कुत्रा नको. पण तो नियम बांधाला कशाला?

रानवाट_सत्तरी: बोंडला, म्हादई, चोडण या अभयारण्यांत कुत्रा न्यायचाच नाही, त्यावर वाद कसला? बाहेरच्या रानाचं बोला. सत्तरी तालुक्यात माकडताप (विषाणूचा ताप) आहे, तो गोचिडांतून पसरतो, आणि कुत्रा त्या गोचिडी थेट सोफ्यापर्यंत आणतो. परतल्यावर कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. जांभाही लवकर तापतो: तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजे भाजणार. आणि फुरसं दगडाखालीच असतं, कुत्र्याचं नाकही तिथेच जातं.

माळटिटवी: बांधाचं विचारलंत म्हणून. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात अडई बदकांचा थवा काठाला बसलेला असतो. कुत्रा दिसला की आधी माना वर, मग चरणं बंद, मग सगळा थवा पाण्याच्या मध्यावर. तुम्ही म्हणणार, 'उडाले कुठे?' उडाले नाहीत हो, पण काठावरचा नाश्ता सुटला. मोरजीच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी विसावलेल्या चिखल्या पक्ष्यांचंही तसंच. मानशीजवळचे (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचे) बगळे सोसतील, तिथे न्या.

बांधावरचा: माना वर झाल्या की थांबायचं, चरणं पुन्हा सुरू होईपर्यंत हलायचं नाही. एवढं पाळलं तर तळ्यावरही चालेल, माझं मत तेच.