जेरुसलेम पडले, गालील उरला
इ. स. ७० मध्ये जेरुसलेममधले ज्यूंचे मंदिर रोमनांच्या हातून जळाले आणि ज्यू लोक आपल्या भूमीतून हद्दपार झाले, असे विधान केले जाते; ते मला पटत नाही, कारण जेरुसलेममध्ये त्यांना प्रवेशबंदी झाली ती बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याचे रोमविरुद्धचे बंड इ. स. १३५ मध्ये चिरडले गेल्यावर, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात. आणि ती बंदीही सबंध देशाला लागू नव्हती.

या विधानात देशाच्या उत्तरेकडील गालील प्रांताचा उल्लेख राहूनच गेला आहे. तिथल्या सेप्फोरिस शहराने पहिल्या बंडात, म्हणजे ज्यात मंदिर जळाले त्या बंडात, रोमन सेनापती व्हेस्पासियनची बाजू घेतली, आणि इ. स. ६८ च्या सुमारास पाडलेल्या त्याच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या मुखाऐवजी पुष्पचक्रात कोरलेला ग्रीक लेख असून त्यात शहराला ‘शांतीचे नगर’ म्हटले आहे. शहर वाचले, तिथली ज्यू वस्ती टिकली, आणि पुढे इ. स. २०० च्या सुमारास रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा हनासी यांनी मिश्ना हा ज्यू धर्मशास्त्राचा संग्रह याच गालीलमध्ये सिद्ध केला.