चाळीस मार्कांच्या विषयाला दोन पानी कायदा?

धनकवडीचा_बाबा

काल इथे 'नववीच्या भूगोलाच्या बाई असाव्यात तर अशा' असं म्हणून एक पत्रक टाकलं होतं आणि त्याखाली बदामांचा पाऊस पडला. टाकणाऱ्यांचं मूल त्या शाळेत नाही. माझं आहे. म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

न वाचताच टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी पत्रकातला मजकूर: वही ठरल्या दिवशी आली नाही तर रोज दोन गुण कमी, तीन दिवसांनंतर शून्य. आकृती पेन्सिलनेच, शीर्षक, दिशा, सूची नसेल तर तपासणार नाही. मॉडेल विकतचं किंवा पालकांच्या हातचं 'वाटलं' तर शून्य. मोबाईल दिसला तर पालक येईपर्यंत बाईंच्या कपाटात. विरल आम्लाच्या प्रयोगाला चष्मा नसेल तर वर्गाबाहेर. क्षेत्रभेट सक्तीची, रविवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी, दुसऱ्या सत्रात सिंहगड पायथा, आणि गैरहजर राहिल्यास डॉक्टरांची चिठ्ठी. टेकडीवरचा दगड घरी न्यायचा नाही. खाली पालकांची सही, 'वाचले व मान्य'.

अहो, दहावीला भूगोल चाळीस मार्कांचा! इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस आणि अंतर्गत वीस धरून कसाबसा एक विषय होतो. गणिताच्या सरांनी अर्धी ओळही लिहून दिलेली नाही आणि इथे करारनामा.

राहिलं मॉडेल. मुलगा आणि मी रात्री जागून ज्वालामुखी केला. काम त्याचंच, मी फक्त कटर धरला. बाईंनी शून्य दिलं, वर लाल पेनानं शेरा मारला: 'हा डोंगर महाराष्ट्रातला नाही.' याला शिकवणं म्हणायचं की टोमणा?

खडूचा_हात

'मी फक्त कटर धरला' हे वाक्य माझ्या नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की फळ्यावर लिहून ठेवायला हवं होतं.

आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणानं बोलते. एका तुकडीत साठ मुलं, अशा तीन-चार तुकड्या एका बाईकडे. वह्या येतील तशा घेत बसलं तर घटक चाचणीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात गठ्ठा पडतो, आणि मग कोणी काय लिहिलंय ते न बघता टिकमार्क होतात. उशिराचे गुण कापायचे ते यासाठी. तुमच्या चिरंजीवांवर राग म्हणून नाही.

मॉडेलचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात जून-जुलैत चक्कर मारा. तयार ज्वालामुखी टांगलेले असतात, वर लाल रंग, पायथ्याशी प्लास्टिकची दोन झाडं. एकदा माझ्याकडे एक मॉडेल आलं, तळाला नावाचं स्टिकर लावलेलं. कोपरा उचकटला होता, खाली दुसरं स्टिकर, त्याच्यावर मोठ्या भावाचं नाव. तोही माझाच विद्यार्थी. त्याला आठ गुण दिले होते मी.

मुक्ता_धायरी

वह्या-बिह्या ठीक आहे, मला रविवारची सक्ती खटकते. आमच्या सोसायटीत भाजी आणणारा मुलगा नववीत आहे. रविवारी पहाटे बापाबरोबर मार्केट यार्डात असतो, माल लावून परत येईपर्यंत नऊ वाजतात. तो आजारी नाही, आळशी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं कुठून आणायची? आणायची म्हटली तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पैसे टाकले की मिळते म्हणा. म्हणजे भूगोलाच्या तासाला पहिला धडा खोटं बोलायचा.

नीट_जेईई_पालक

रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते हे बाईंना माहीत नाही का? नववीपासून फाउंडेशन चालू होतं. टेकडी काय पळून जात नाही.

टेकडीवर_रोज

टेकडी पळून जात नाही? वेताळ टेकडीतून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचं प्रकरण आपण वर्तमानपत्रात वाचत नाही असं दिसतं. भुयारं, रस्ते, एकेक प्रस्ताव येतच असतो. मुलांना आत्ताच दाखवून घ्या, नातवंडांना फोटो दाखवावे लागतील. यावर इथे कोणी धागा काढत नाही, एका शून्यावर मात्र रामायण!

पर्वती_पायथा

मूळ मुद्दा सगळेच विसरले. बाईंचा शेराच चुकीचा आहे. सिंहगड हा मृत ज्वालामुखी आहे हे आम्हाला शाळेत शिकवलंय. वरचा सपाट भाग म्हणजे तोंड, ते बुजलं. पर्वतीसुद्धा त्यातलीच. मग महाराष्ट्रातला डोंगर नाही म्हणजे काय? मुलाला गुण मिळायला हवेत.

काळा_कातळ

नाही हो. हे दर सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतंच.

आपल्याकडे शंकू होऊन त्याच्या टोकातून लाव्हा उसळला, असं झालेलं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. पुन्हा पुन्हा झालं, मधे मधे खंड पडला. आज उरलाय तो पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. सिंहगड, पर्वती, वेताळ टेकडी, सगळे त्याच थरांचे उरलेले तुकडे आहेत. मधलं नद्यांनी कापून नेलं. माथा सपाट दिसतो तो थरच आडवे आहेत म्हणून, घावनांची चळत ठेवावी तसे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमधे विटकरी पट्टा दिसतो बघा. लाव्हा थांबला त्या काळात वरचा भाग कुजून झालेला थर तो. शंकूच्या पोटात असला पट्टा मैलोन्‌मैल आडवा कसा जाईल?

तेव्हा थर्माकोलचा त्रिकोण करून वर भोक पाडलंत तर तो खरंच महाराष्ट्रातला डोंगर नाही. बाईंचं बरोबर आहे. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, हे आपलं जाता जाता.)

पर्वती_पायथा

मग गडावर देवटाक्याचं पाणी कुठून येतं? एवढ्या उंचावर बारा महिने पाणी. खालून दाब असल्याशिवाय?

काळा_कातळ

पावसाचं पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपतं, खाली घट्ट कातळ लागला की अडतं. टाकी माणसांनी खोदलेली आहेत. त्याचा लाव्ह्याशी संबंध इतकाच की दगड त्याचा आहे.

पर्वती_पायथा

आमचे आजोबा १९६१ च्या पानशेतच्या पुरात शनिवार पेठेत होते, १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही इथेच. फळीवरची भांडी खाली आली होती. खाली काही धगधगत नसेल तर जमीन हलेल कशाला? पुस्तकी लोकांना हे कळत नाही.

काळा_कातळ

भूकंपाला ज्वालामुखी लागत नाही. जुना खडक ताणाखाली असतो, एखाद्या भंगावर, म्हणजे खडकातल्या जुन्या तड्यावर, सरकला की जमीन हलते. कोयनेचा तर धरणात साठवलेल्या पाण्याशी संबंध जोडून जगभर अभ्यास झालाय. आणि पुस्तकी म्हणाल तर कॉलेजची सगळी वर्षं पाठीवरच्या पिशवीत हातोडा घेऊन पुणे जिल्ह्यातल्या खाणी पालथ्या घातल्यात. तुमचे आजोबा भांडी उचलत होते, दगड बघत नव्हते.

पर्वती_पायथा

आजोबांवर जायचं काम नाही.

काळा_कातळ

मी आणलं नाही त्यांना मधे, तुम्ही आणलंत.

चतकोर

मग लोणार काय आहे?

काळा_कातळ

उल्का! आणि त्याचा इथे काय संबंध?

वाघोली_बायपास

दगड घरी न्यायचा नाही, या नियमावर कोणीच बोललं नाही. आमच्या वाघोलीच्या खाणींतून ते कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज निघतं, त्याचे गुच्छ जगभरच्या संग्रहांत काचेत बसलेत. खाणीतल्या माणसांकडून घेऊन व्यापाऱ्यांनी पैसे केले. आणि नववीतल्या पोरानं सुपारीएवढा गोटा खिशात टाकला तर गुन्हा! मी लहानपणी डबाभर जमवले होते. पांढऱ्या सुयांचा गोळा असलेला एक अजून आहे. आईनं तुळशीत ठेवलाय.

खडूचा_हात

साठ मुलांनी एकेक उचलला आणि दरवर्षी साठ आली, तर टेकडीच्या जुन्या खाणीत बघायला काय उरेल? जागेवर बघा, चित्र काढा, फोटो काढा.

आणि आम्लाचा प्रयोग त्यासाठीच असतो. दगडातल्या पोकळीत पांढरं काही दिसलं की मुलं लगेच 'स्फटिक, स्फटिक' करतात. विरल हायड्रोक्लोरिकचा एक थेंब टाकायचा. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. नाही फसफसलं तर बहुतेक झिओलाइट (अशा पोकळ्यांत तयार होणारं दुसरं खनिज) किंवा गारेचा दगड, मग नखानं, पिनेनं खरवडून बघायचं. खुद्द काळ्या दगडावर थेंब नुसता बसून राहतो. हे एकदा बघितलेला मुलगा 'बेसॉल्ट' हा शब्द पाठ करत नाही. चष्म्याची सक्ती का, तर पोरं वाकून, अगदी नाक लावून बघतात. एकाच्या भुवईवर उडालेलं मी बघितलंय, नशीब विरल होतं.

मुक्ता_धायरी

म्हणजे दगडावर चर्चा, उल्केवर चर्चा, पर्वतीच्या आजोबांवर चर्चा. मार्केट यार्डातल्या मुलाचं काय, यावर एकानं उत्तर दिलं नाही.

नीट_जेईई_पालक

माझ्या टेस्टचंही नाही दिलं.

मुक्ता_धायरी

दोन्ही एका तागडीत घालू नका हो. तुमचा क्लास तुम्ही पैसे भरून लावलाय.

आंबेगावची

वाचत होते, बोलायचं नव्हतं. पण 'चाळीस मार्कांचा विषय' हे वाचलं आणि राहवलं नाही.

माळीण आमच्या तालुक्यात. ३० जुलै २०१४ ची सकाळ, आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता, डोंगराची कड सुटली आणि गाव खाली. दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या नात्यातलीही. शाळेत मी भूस्खलन शिकले होते: व्याख्या, कारणे, उपाय, दोन गुण. उतारावर नवीन भेग दिसली, खांब किंवा झाडं कललेली दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर वाट बघायची नाही, पोरं-म्हातारी घेऊन निघायचं, हे कोणत्या बाईंनी कोणत्या वहीत लिहून घेतलं? बाबासाहेब, तुम्हाला दोन पानं जास्त वाटतात. आणि बाई, तुमच्या त्या दोन पानांत पेन्सिल आहे, सूची आहे, सही आहे. टेकडीवर नेऊन तुम्ही मुलांना काय दाखवणार आहात याची एक ओळ नाही. मला दोघांचाही राग आलाय.

टेकडीवर_रोज

ताई, बोललात ते बरं झालं. उतार कापून बंगले बांधणाऱ्यांनाही हे कुणीतरी…

आंबेगावची

टेकडीच्या रस्त्यावर नेऊ नका. कृपा करा.

धनकवडीचा_बाबा

चाळीस मार्क मी विषयाला हिणवायला म्हटलं नव्हतं, धाकाच्या मानानं म्हटलं होतं. पण ठीक आहे, शब्द मागे घेतो. आंबेगावच्या ताईंपुढे वाद घालायला तोंड नाही.

कातळसाहेब, तुमचंही मान्य. डोंगर महाराष्ट्रातला नव्हता. कुठला होता तेवढं सांगा, पोरगं विचारून डोकं खातंय. आणि मुख्य म्हणजे हे सगळं तुम्ही मला फुकटात दोन परिच्छेदांत सांगितलंत. बाईंना शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहायला काय झालं होतं? चूक दाखवायची, दुरुस्त करायला वाव द्यायचा नाही, आणि वर 'मान्य' म्हणून सही. माझं भांडण तिथेच आहे, ते सोडणार नाही.

काळा_कातळ

जपानचा फुजी म्हणा, शोभेल. आता खरा करायचा तर कार्डबोर्डचे आडवे थर एकावर एक चिकटवा, मधे लाल कागदाच्या पट्ट्या, आणि मग कटरनं बाजूनं दऱ्या कापा. अप्पा बळवंतला तसलं मिळत नाही, म्हणजे बाईंना संशयही येणार नाही.

खडूचा_हात

दुरुस्त करून पुन्हा आणायची मुभा हवी, यात तुमचं बरोबर आहे. मी अर्धे गुण द्यायचे. कटर मात्र या खेपेला मुलाच्या हातात.

मुक्ताताई, उत्तर राहिलं खरं. सक्ती क्षेत्रभेटीची असावी, रविवारची नसावी. आजारी मुलांना मी शाळेतच दगड शोधायला लावायचे. कंपाउंडची भिंत काळ्या दगडाची, तिच्यातली भोकं मोजा. व्हरांड्यात शहाबादी फरशी, तो चुनखडक, त्यावर आम्लाचा थेंब फसफसतो. घरी ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबाचा डाग पडलेला असतो, ग्रॅनाइटचा असेल तर नसतो. हे का, ते आईला विचारून लिहा. तुमच्या त्या मुलाला हे सोमवारी मधल्या सुट्टीत करता येईल आणि टेकडीवर गेलेल्यांपेक्षा त्याला कमी कळणार नाही. कदाचित जास्तच, टेकडीवर निम्मी पोरं डब्यात काय आहे तेच बघतात.

नीट_जेईई_पालक

हे चालेल आम्हाला. रविवारी टेस्ट, सोमवारी दगड.

खडूचा_हात

तुमच्यासाठी नाही ते. तुम्ही टेकडीवर या.

मुक्ता_धायरी

कल्पना चांगली आहे, पण तोंडी नको, पत्रकात छापून द्या. नाहीतर ऐनवेळी 'चिठ्ठी कुठाय' होतंच.

खडूचा_हात

मी निवृत्त आहे हो, पत्रक माझं नाही!

धनकवडीचा_बाबा

पालकसभा आहे येत्या शनिवारी. दोन गोष्टी मांडतो, पर्यायी काम आणि दुरुस्तीची संधी. आंबेगावच्या ताईंची यादी छापून नेतो, ती चिकटवायला वहीत जागा द्या म्हणून सांगतो. बाकी कोणाला काही सुचवायचं असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत लिहा.

पर्वती_पायथा

सिंहगडाचंही विचारा. मला अजून पटलेलं नाही.